त्या बाईंनी केलेली बासुंदी

उत्तराबाईंनी आठवं सीताफळ दोन्ही अंगठ्यांनी उकललं, गर चमच्याने खरवडून चाळणीत टाकला आणि तळहाताने दाबून घोळवायला सुरुवात केली. जोर जरा जास्तच लागला. दोन बिया चाळणीबाहेर उडाल्या आणि ओट्याखाली गेल्या. त्या उचलायला उत्तराबाई वाकल्या नाहीत.

शेजारच्या शेगडीवर तीन लिटर म्हशीचं दूध आटत होतं. पातेल्याच्या तळाशी उपडी घातलेली स्टीलची बशी खडखड वाजत होती. ती वाजते आहे तोवर दूध खाली लागत नाही, म्हणून त्या निर्धास्त होत्या. जेवणाच्या टेबलाशी त्यांचे यजमान, बाळराव, लाल भोपळ्याची फोड किसणीवर धरून बसले होते. तीन वेळा किसायचे, मग चष्मा वर करायचे, मग पुन्हा तीन वेळा.

"एवढ्या भोपळ्याला दिवाळी उजाडेल," उत्तराबाई म्हणाल्या.

"पंधराच दिवस राहिलेत."

टेबलावरचा फोन वाजला. सलिलचा होता. उत्तराबाईंचे हात कोपरापर्यंत चिकट झालेले, म्हणून बाळरावांनी फोन उचलून स्पीकरवर टाकला आणि त्यांच्या तोंडासमोर धरला.

"आई, काय चाललंय?"

"तुझ्या उद्याच्या पाहुण्यांचं गोड चाललंय."

"विकतचं काही आणू नकोस हां. कल्पिताच्या बाबांना घरचंच लागतं. मी सांगून ठेवलंय त्यांना, माझी आई सीताफळाला मिक्सर लावत नाही, एकेक बी हाताने काढते."

"काढतेय."

"आणि घारगे पण कर. गूळ घालून, नेहमीसारखे." मग त्याचा आवाज खाली आला. "अजून एक, आई. उद्या ऋजुताचा विषय निघणार. लग्न ठरवायला येतायत म्हटल्यावर ते विचारणारच. तर तू एवढंच म्हण की तिला स्वतःचं क्लिनिक काढायचं होतं, तिचं संसारात लक्ष नव्हतं. मी कल्पिताला तसंच सांगितलंय. तू वेगळं काही बोलू नकोस, प्लीज."

बशी खडखडत होती. बाळराव फोन तसाच धरून उभे होते आणि फोनकडेच बघत होते.

"आई? ऐकतेयस ना?"

"बरं," उत्तराबाई म्हणाल्या.

फोन बंद झाला. बाळरावांनी तो पंच्याने पुसला, जागेवर ठेवला आणि पुन्हा किसणी हातात घेतली.

उत्तराबाईंनी पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली होती. आधी ऑपरेटर म्हणून आणि मग सुपरवायझर म्हणून. समोरचा माणूस खरं बोलतोय की थापा मारतोय, हे त्यांना आवाजावरून कळायचं, आणि त्या ते ऑफिसात बिनदिक्कत बोलूनही दाखवायच्या. आता त्यांच्याच तोंडून 'बरं' बाहेर पडलं होतं, आणि ते इतकं सहज पडलं होतं की त्यांना स्वतःच्या जिभेचा राग आला. पण जिभेवर राग काढता येत नाही.

"तुम्ही ऐकलंत ना सगळं?"

"हो."

"मग?"

"मग काय? तू बरं म्हणालीस."

"मी म्हणाले! आणि तुम्ही? फोन तुमच्या हातात होता. एक शब्द तरी? अरे, त्या मुलीबद्दल असं बोलू नकोस, एवढं तरी?"

बाळरावांनी किसणी ताटलीत आडवी ठेवली. "माझं तो कधी ऐकतो?"

"ऐकायला आधी बोलावं लागतं," उत्तराबाई म्हणाल्या, आणि नववं सीताफळ त्यांनी असं उकललं की अर्धा गर सालीसकट ओट्यावर पडला.

ऋजुता नऊ वर्षं या घरात सून होती. फिजिओथेरपिस्ट. उत्तराबाईंचा उजवा खांदा आखडला तेव्हा रोज सकाळी सात वाजता, स्वतः कामावर निघायच्या आधी, ती त्यांना भिंतीशी उभी करायची आणि बोटांनी भिंत चढायला लावायची. आज एक इंच वर, आई. उद्या अजून एक. तिच्यामुळेच आज तो हात चाळणीवर चालत होता. दर आश्विनात दोघी याच टेबलावर वर्तमानपत्र पसरून समोरासमोर बसायच्या आणि सीताफळं सोलायच्या. दोन वर्षांपूर्वी ती घर सोडून टिटवाळ्याला राहायला गेली. गेल्या जुलैत कोर्टाचा शिक्का पडला. उत्तराबाईंनी मधल्या काळात तिला चार वेळा फोन केला होता. पहिल्यांदा ती दोन मिनिटं बोलली. नंतरच्या तिन्ही वेळा फक्त मेसेज आला, 'पेशंट आहे, नंतर करते', आणि नंतर कधी फोन आला नाही.

राग कितीही आला तरी हात चुकत नव्हते, आणि त्याचाही त्यांना राग येत होता. दूध निम्मं आटलं तशी त्यांनी साखर घातली, बेताचीच, कारण फळं गोड होती. कडेची साय झाऱ्याने खरवडून आत सोडली. गॅस बंद करून पातेलं पाण्याच्या परातीत ठेवलं. गरम दुधात सीताफळ घातलं की बासुंदीला कडवट वास येतो. पुरतं निवेपर्यंत थांबावं लागतं. त्या थांबल्या. परातीतलं पाणी दोनदा बदललं. मग हलक्या हाताने गर मिसळला, चमच्याचं टोक जिभेला लावलं. इतकी चांगली बासुंदी त्यांच्या हातून कित्येक वर्षांत झाली नव्हती.

आणि ती त्या उद्या कोणाच्या ताटात वाढणार होत्या? ऋजुताचं संसारात लक्ष नव्हतं, असं सांगता सांगता?

त्यांनी कपाटातून मोठा कडीचा डबा काढला, त्यात बासुंदी ओतली, पातेलं बोटाने निपटून घेतलं आणि झाकण घट्ट लावलं.

"सगळी?" बाळरावांनी विचारलं.

"सगळी."

"कुठे निघालीस?"

"टिटवाळ्याला."

"अगं, पण उद्याला...?"

"उद्याला श्रीखंडाचा डबा आणा. घरचंच म्हणून खपवा. थापाच मारायच्या आहेत तर सगळ्यांनी मिळून मारू."

डोंबिवलीला पकडलेली दुपारची कसारा लोकल निम्मी रिकामी होती. उत्तराबाई डबा मांडीवर घेऊन खिडकीशी बसल्या आणि मनात बोलणी जुळवत राहिल्या. शहाड येईपर्यंत त्यांनी सलिलला जे जे सुनवायचं होतं ते सगळं सुनवून झालं होतं. आंबिवलीला त्या ऋजुताचा हात हातात घेऊन म्हणत होत्या, मी तुझ्या बाजूने आहे, आता मी कोणालाच भीत नाही. हे म्हणताना त्यांचे ओठ हलायला लागले, आणि समोर बसलेल्या कोथिंबीरवाल्या बाईने विचारलं, "बरं नाय वाटत का काकी?"

"बरं आहे," त्या म्हणाल्या.

क्लिनिक स्टेशनपासून जवळच निघालं. नव्या इमारतीतला तळमजल्याचा गाळा होता. काचेच्या दारावर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'डॉ. ऋजुता खांबेटे'. माहेरचं आडनाव. ते कागदोपत्री बदलणार हे उत्तराबाईंना माहीत होतं, पण रंगवलेलं पाहिल्यावर त्या दारात क्षणभर थांबल्या.

आत बाकावर चौघं बसले होते. टेबलाशी बसलेल्या मुलीच्या शर्टावर 'माया' अशी पट्टी होती.

"नाव सांगा काकू."

"मला मॅडमना भेटायचंय."

"सगळ्यांना भेटायचंय. नंबर लावावा लागतो." मायाने पेन उचललं. "काय दुखतंय?"

उत्तराबाईंनी इकडे तिकडे पाहिलं. "खांदा," त्या म्हणाल्या.

त्या बाकावर बसल्या. शेजारी मांडा गावच्या शांताबाई होत्या, हिरव्या लुगड्यातल्या, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेल्या. त्यांनी डब्याकडे बघून विचारलं, "मॅडमसाठी हाय?" उत्तराबाईंनी मान हलवली. "चांगलं केलंत. जेवत नाय ती येळेवर," शांताबाई म्हणाल्या, जशी काही ऋजुता त्यांचीच कोणी होती.

पाऊण तासात बाक हळूहळू पुढे सरकला. शांताबाई आत गेल्या. थोड्या वेळाने ऋजुता स्वतः पडद्याबाहेर आली आणि वहीत बघून म्हणाली, "खांदा कोणाचा?"

तिने केस कापले होते. जरा वाळली होती, पण उभी ताठ होती. उत्तराबाईंना पाहून तिच्या चेहऱ्यावर काही हललं आणि लगेच थांबलं.

"या," ती म्हणाली.

आतली खोली लहान होती. एका बाजूला पडदा ओढलेला, त्यामागे शांताबाई शेक घेत पडल्या होत्या. टेबलावर शेकाच्या वेळेचं घड्याळ लावलेलं होतं.

"दहा मिनिटं आहेत. खांदा परत धरलाय का?"

"नाही गं. खांदा उत्तम आहे. नंबर मिळावा म्हणून सांगितलं." उत्तराबाईंनी डबा टेबलावर ठेवला. "बासुंदी आणलीय. आज सकाळीच केली."

ऋजुताने डब्याला हात लावला नाही.

मग उत्तराबाईंनी सांगायला सुरुवात केली. गाडीत जुळवलेलं सगळं भडाभडा बाहेर आलं. उद्या कोण येणार आहे, सलिल फोनवर काय म्हणाला, काय सांगायला सांगितलं. "मला लाज वाटली त्याची. माझ्या पोटचा मुलगा, आणि आईला खोटं पाठ करून घ्यायला सांगतो. मी उद्या बसणारच नाही तिथे. मी स्पष्ट सांगणार आहे त्याला. नऊ वर्षं ज्या मुलीने माझं घर सांभाळलं तिच्याबद्दल असं..." बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. पडद्यामागे शांताबाई खाकरल्या.

ऋजुता पांढऱ्या कोटाच्या खिशात हात घालून उभी होती.

"झालं?" तिने विचारलं.

उत्तराबाईंनी डबा तिच्याकडे जरा सरकवला.

"तुम्ही सलिलवर रागावलात. हे मला सांगायला एवढ्या लांब आलात. मी काय करू त्या रागाचं?"

"काही करू नकोस. तू एकटी नाहीस, एवढंच..."

"आता नाहीच आहे मी एकटी. बाहेर बाक भरलाय. तीन वर्षांपूर्वी होते." ती आवाज न चढवता बोलत होती, आणि त्यामुळे प्रत्येक शब्द वेगळा ऐकू येत होता. "कोजागरीच्या आदल्या दिवशी आपण दोघी सीताफळं सोलत बसलेलो. मी तुम्हाला सांगितलं, सलिलचं बाहेर काहीतरी चाललंय. त्याच्या पुण्याच्या ऑफिसातली कोणीतरी आहे. मी फोन काढून मेसेज तुमच्यापुढे धरलेले. तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?"

उत्तराबाईंना आठवत होतं.

"'दूध बघ गं, खाली लागेल.'" ऋजुताने त्यांच्याच सुरात म्हटलं. "मी उठले. ढवळलं. पातेल्यात बशी होती, खडखड वाजत होती. दूध लागणार नव्हतं. ते मला ढवळता ढवळता कळलं. परत येऊन बसले तर तुम्ही म्हणालात, यंदा फळं लहानच आलीयत."

"ऋजुता..."

"मला वाटलं, तुम्हाला धक्का बसलाय. दोन दिवसांनी बोलाल. मग वाटलं, त्याच्याशी बोलला असाल, मला सांगत नसाल. मी एक वर्ष वाट पाहिली. रोज सकाळी सात वाजता तुम्ही माझ्याकडून खांद्याचा व्यायाम करून घेत होतात. रोज. भिंतीकडे तोंड करून. त्या वर्षभरात एकदा तुम्ही मागे वळून विचारलं असतंत ना, तरी चाललं असतं मला. काय करायचं ते माझं मी केलं असतं."

घड्याळाची टिकटिक चालू होती. उत्तराबाईंनी टेबलाची कड धरली. त्यांना वाटलं, म्हणावं, हो, मला धक्काच बसला होता. ती वाट ऋजुतानेच मोकळी ठेवली होती. तेवढं म्हटलं असतं तर कदाचित ती पोरगी विरघळली असती. तिचा स्वभाव तसाच होता.

"धक्का नव्हता बसला," त्या म्हणाल्या.

ऋजुताने वर पाहिलं.

"मला आधीच कळलं होतं. जूनमध्ये. तो गॅलरीत फोनवर बोलत होता आणि मी वाळलेले कपडे काढायला गेले होते. शब्द नीट ऐकू आले नाहीत. पण आवाज... तो आवाज तुझ्याशी बोलतानाचा नव्हता, एवढं मला लगेच कळलं. तू सांगितलंस तेव्हा मला ते चार महिने माहीत होतं."

"चार महिने."

"मला वाटत होतं, मिटेल. तुला न कळता मिटेल आणि घर होतं तसं राहील. तुला कळलंय हे मला ऐकायचंच नव्हतं, म्हणून मी..."

घड्याळ वाजलं. ऋजुताने ते बंद केलं नाही. तिच्या मानेपासून कानापर्यंत लाली चढत गेली. नऊ वर्षांत उत्तराबाईंनी तिला चिडलेली कधी पाहिली नव्हती. आपली सून शांत आहे असं त्या चारचौघांत कौतुकाने सांगायच्या. आता ती समोर उभी होती आणि तिचे खिशातले हात मुठी झालेले कापडातून दिसत होते.

शेवटी पडद्यामागून शांताबाईच ओरडल्या, "बाय, वाजतंय ना ता! भाजाल मना!"

ऋजुता आत गेली, यंत्र बंद केलं, शांताबाईंना हात देऊन उठवलं. मग तिने टेबलावरचा डबा उचलला, झाकण उघडलं आणि पडदा बाजूला करून हाक मारली.

"माया, पेपर कप आहेत ना? बाहेर सगळ्यांना हे वाढ. तू पण घे."

मायाने वाढलं. बाकावरच्या माणसांनी कप तोंडाला लावले. कोणीतरी अजून मागितली. शांताबाई दाराशी उभ्या राहून खात होत्या आणि बोटाने कप पुसून घेत होत्या.

"लय गोड हाय गो बाय. सीताफल हाय ना? कोनी केलंय?"

"त्या बाईंनी," ऋजुता म्हणाली.

तिने स्वतः चव घेतली नाही. रिकामा डबा तिने बेसिनपाशी जाऊन साबण लावून घासला, धुतला, नॅपकिनने कोरडा केला आणि उत्तराबाईंच्या पिशवीत ठेवला. कोणाचा डबा रिकामा परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, हे उत्तराबाईंनीच तिला लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं. ते ती विसरली नव्हती. झाकण लावताना तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि मगच कडी अडकवली.

"पुढचे कोण?" ती म्हणाली.

उत्तराबाई घरी पोचल्या तेव्हा नुकतीच दिवेलागण झाली होती. बाळरावांनी सगळा भोपळा किसून ठेवला होता. मोठं ताटभर केशरी कीस, वर जाळीचं झाकण. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्ट्या होत्या.

उत्तराबाईंनी पिशवी खुंटीला लावली. चपला काढल्या. मग बाळरावांच्या समोर खुर्ची ओढून बसल्या.

"तीन वर्षांपूर्वी, जूनमध्ये, सलिल गॅलरीत फोनवर बोलत होता. मी कपडे काढत होते. तुम्ही कुठे होतात?"

बाळरावांनी पट्टी नीट केली. "हॉलमध्ये. खिडकीपाशी."

"ऐकलंत?"

"माझ्या बाजूची खिडकी उघडी होती. मला शब्द पण ऐकू आले."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो." ते ताटाकडे बघत म्हणाले. "मग तू काही बोलली नाहीस. म्हटलं, तू काहीतरी विचार केला असशील."

सकाळी असतं तर उत्तराबाईंनी त्यांना फाडून खाल्लं असतं. आत्ताही राग आला. पण तो यांच्यावर ओतायला गेलं की ज्या शब्दांनी ओतायचा ते सगळे दुपारी त्यांना स्वतःलाच लागून गेलेले होते. त्या उठल्या, कढईत तूप टाकलं आणि कीस परतायला घेतला. गूळ चिरला. कीस मऊ झाल्यावर त्यात गूळ विरघळवला, चिमूटभर मीठ घातलं आणि त्यात मावेल तेवढी कणीक, थोडी तांदळाची पिठी मिसळून घट्ट गोळा मळला. मळायला त्यांनी बराच वेळ घेतला. उजव्या खांद्यातून कळ आली तरी थांबल्या नाहीत.

रविवारी साडेअकराला पाहुणे आले. कल्पिताचे वडील भारदस्त, हसतमुख; आई कमी बोलणारी, घर नजरेने टिपत बसलेली. सलिलने नवा कुर्ता घातला होता. पाण्याचे पेले घेऊन जायच्या निमित्ताने तो स्वयंपाकघरात आला आणि त्याने फ्रिज उघडला.

"आई, बासुंदी कुठेय?"

"संपली."

"संपली म्हणजे? कोणी खाल्ली?"

"टिटवाळ्याला पेशंट बसले होते, त्यांनी."

सलिलने फ्रिजचं दार लावलं. त्याचा चेहरा आधी गोंधळला आणि मग कठीण झाला. "तू तिच्याकडे गेलेलीस? आई, तुला आजचाच मुहूर्त मिळाला? बाहेर माणसं बसलीयत."

"दिसतायत मला."

"हे बघ, आपलं काल ठरलंय. तू बरं म्हणालेलीस."

"म्हणाले होते," उत्तराबाई म्हणाल्या आणि घारग्याचा गोळा केळीच्या पानावर थापायला घेतला. ट्रे उचलून तो बाहेर गेला, आणि दुसऱ्याच क्षणी हॉलमधून त्याचं मोकळं हसणं ऐकू आलं.

पाच मिनिटांनी कल्पिता आली. तेहेतीस-चौतीसची, कपाळ मोठं, साडीची फारशी सवय नसलेली. पदर कमरेला खोचून ती म्हणाली, "काकू, मी काही करू? तिकडे बाबा त्यांच्या बदल्यांच्या गोष्टी सांगतायत. त्या मला पाठ आहेत."

कालपर्यंत उत्तराबाईंनी हिच्याशी एकही शब्द जास्तीचा बोलायचा नाही असं ठरवलं होतं. त्यांनी पानावरची जागा तिला करून दिली. "थाप हे. फार पातळ नको. मध्ये भोक पाड."

कल्पिताने एक जाड थापला, एक वाकडा. तिसरा बरा जमला. उत्तराबाईंनी तो तेलात सोडला. तो तळाशी गेला, वर आला आणि कडेने फुगायला लागला.

"काकू, एक विचारू?" कल्पिता हातातल्या गोळ्याकडे बघत होती. "मी सलिलला विचारलं की तो चिडतो. म्हणतो, सांगितलंय ना एकदा. पण मला ते नीट कळलेलंच नाही. क्लिनिक काढण्यासाठी कोणी घर सोडून जातं का? क्लिनिक तर डोंबिवलीतही काढता आलं असतं." तिने मान वर केली. "ऋजुता का गेल्या?"

कढईतला घारगा एका बाजूने लालसर झाला होता, उलटायला आला होता. 'उलट गं तो, जळेल', हे शब्द अगदी ओठापर्यंत आलेले उत्तराबाईंना जाणवले. ते खरेही होते. घारगा खरोखरच जळणार होता.

बाहेर सलिल कोणाला तरी सांगत होता, आमची आई मिक्सर लावत नाही.

उत्तराबाईंनी गॅस बंद केला. हात पदराला पुसले.

"दार लोटून घे," त्या म्हणाल्या, "आणि बस तिथे."

कल्पिताने दार लोटलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली, पिठाचे हात मांडीपासून दूर धरून.

"ही तू यायच्या आधीची गोष्ट आहे," उत्तराबाई म्हणाल्या. पूर्वी ऑफिसात लाइनवरच्या माणसाशी बोलायच्या, त्या सुरात. शब्द तोडून, स्वच्छ. "त्याच्या पुण्याच्या ऑफिसात एक मुलगी होती. हे मला जूनमध्ये कळलं. ऋजुताने मला कोजागरीच्या आदल्या दिवशी सांगितलं. याच टेबलावर. तेव्हा मी काय केलं, ते तुला आधी सांगते. मग त्याने काय केलं ते सांगते."

"आई," हॉलमधून सलिलची हाक आली, "घारगे आणतेस ना?"

उत्तराबाईंनी दुसरी खुर्ची ओढली आणि त्या कल्पिताच्या समोर बसल्या.